बेचाळिसावी ओळ

३ तारीख, सोमवार
नवी नोकरी झकास! तळघरात गारेगार खोली, चाळीस सर्व्हर, आणि प्रत्येकात एक एजंट, म्हणजे यंत्राचं तापमान अन् पंख्याचे फेरे सतत कळवणारा छोटा प्रोग्राम. स्क्रीनवर ठणठणीत यंत्र हिरवं, आजारी लाल. मी केबलची भेंडोळी खांद्यावर वाहत शिकलो. कुठला पंखा कुरकुरतोय ते मला दारातूनच कळतं. इथल्या पदवीवाल्यांना कानाशी बोंब मारली तरी ऐकू येत नाही. लाल दिसलं की ऑपरेटर डुलकीराव ‘दुरुस्ती चालू’ दाबतो. ओळ राखाडी होते, मग तिच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. दुरुस्ती कसली डोंबलाची! वरच्या मजल्यावर साहेबांना सगळं हिरवं दिसलं पाहिजे, बस्स.

५ तारीख
यंत्रं चाळीस, ओळी एक्केचाळीस. शेवटचीचं तापमान ३७, फेरे मिनिटाला १६. पंखे हजारांत फिरतात. सोळा म्हणजे बंदच की. डुलकीरावला विचारलं, तर असेल काहीतरी म्हणाला आणि जांभई दिली. असले ठोंबे पोसतात!

६ तारीख
डुलकीराव तापाने फणफणून दवाखान्यात. एक्केचाळिसावी ओळ लाल, तापमान ३९.८. नुसती टिवटिव. साडेदहाला वैतागून मीही ‘दुरुस्ती चालू’ दाबलं. बसलो त्यांच्याच पंगतीला.

८ तारीख
डुलकीराव परवाच गेला. त्याची बायको एकच सांगत होती, “भाऊजी, साडेदहापर्यंत डॉक्टर हलत नव्हते हो तिथून. मग एकाएकी सगळे समोरून निघून जायला लागले. हाताला धरून ओढलं, तरी कोणी यांच्याकडे बघेना.”
येऊन ओळ पाहिली. फेरे शून्य.

९ तारीख
बेचाळिसावी ओळ. ३७, १६. श्वास रोखला – फेऱ्यांचा आकडा घसरला. सोडला – चढला.
पुसली जात नाही. धाप लागली – ३१ – लाल.
साहेबांचा फोन. तपासणीवाले समोर बसलेत, ते लाल काय आहे म्हणे. हात जोडले, वरून ‘दुरुस्ती चालू’ दाबू नका, दोन मिनिटांत हिरवं करतो. सावकाश श्वास – २६ – २३ – या गाढवाला दोन मिनिटं –
राखाडी.
साहेब तपासणीवाल्यांना घेऊन खाली आलेत. मी खुर्चीतच. ओरडतोय. त्यांनी कोट माझ्या अंगावर टाकला, रिकाम्या खुर्चीवर टाकावा तसा. तपासणीवाल्यांना म्हणाले, इथे कोणी नसतं. दिवा मालवला – कुलूप –
४४ – साहेब, मी इथे –