सात नंबरचा चिमटा

मी खाली सही करणार, वय अठ्ठ्याहत्तर, धंद्याने टर्नर, आता निवृत्त. डोकं ठिकाणावर आहे, डॉक्टरांनी आज सकाळीच तपासून तसं लिहून दिलं आहे. कोणाच्या दडपणाखाली नाही. संतापात मात्र आहे, आणि संतापात मृत्युपत्र करू नये असा कायदा असेल तर वकिलांनी तो मला दाखवावा. आधीच्या मृत्युपत्रात मी माझं मैदान विमान क्लबला दिलं होतं. ते याद्वारे रद्द.

१. राहते घर मुलाला, गळक्या नळासकट. तीन वर्षं 'बघतो बाबा' म्हणतोय. आता मालक म्हणून बघेल.

२. लेथ आणि सर्व हत्यारे सुनेला. मुलाने तोंड वाकडं करू नये. त्याला पान्याचा नंबर विचारला तर तो बायकोला हाक मारतो.

३. आता मैदान. तिथे तेवीस वर्षं रिमोटची विमानं उडताहेत. फाटकावरची पाटी मी रंगवली: 'विमान कुठलंही असो, या.' थर्माकोलचं, पेट्रोलचं, बिनइंजिनाचं ग्लायडर, कोणाला ना नाही. गेल्या रविवारी सून तिचा चार पंख्यांचा ड्रोन घेऊन गेली. अध्यक्षांनी तिला त्याच पाटीखाली अडवलं. "वहिनी, हे विमान नव्हे, खेळणं आहे." अरे वा रे शहाणे! यांचं लढाऊ विमान काय युद्धावर जातं? दर महिन्याला झाडात अडकतं आणि काढायला शिडी माझी लागते!

सून म्हणाली, "बाबा, जाऊ द्या ना." मी कसला जाऊ देतोय! तडक गेलो. अध्यक्षांनी नियमांची वही उघडून माझ्यापुढे धरली. "काका, पंख्यांवर उभं उठणारं कोणतंही यंत्र मैदानावर आणू नये. सही तुमचीच ना?"

माझीच होती. वही मिटून परत दिली.

४. तो नियम कसा झाला ते लिहून ठेवतो. तेव्हा एकाच चॅनलवर दोन रिमोट चालू झाले की हवेतलं यंत्र कोणाचंच ऐकत नसे. म्हणून फळ्यावर प्रत्येक चॅनलचा एकच चिमटा, कपडे वाळत घालायचा. तो खिशाला लावल्याशिवाय रिमोट चालू करायचा नाही. एकोणीस वर्षांपूर्वी माझा धाकटा भाऊ, घड्याळजी, दोन वर्षं खपून बनवलेलं हेलिकॉप्टर घेऊन आला. ते हवेत स्थिर उभं राहिलं आणि एकदम गिरकी खाऊन कोसळलं. तो म्हणाला, "दादा, मी काही केलं नाही रे." मी सगळ्यांसमोर म्हणालो, "हेलिकॉप्टरच बेभरवशाचं. उद्या कोणाच्या डोक्यात पडेल." त्याच आठवड्यात नियम लिहिला. भाऊ पुन्हा मैदानावर आला नाही. घरीही लग्नाकार्यापुरताच.

खरं असं की सात नंबरचा चिमटा त्याच्या खिशाला होता. माझा रिमोटही सातचाच, आणि तो मी चालू केला होता. चिमटा न घेता, फळ्याकडे न बघता. आणि तो फळा मीच ठोकलेला! रिमोट बंद केला आणि गप्प बसलो. अध्यक्षांवर कोणत्या तोंडाने डाफरू? चोराच्या उलट्या बोंबा त्या माझ्याच. लाज वाटते.

५. म्हणून मैदान सुनेला. क्लबने खुशाल उडवावं, पण तो नियम खोडून, आणि जे यंत्र येईल त्याला जागा देऊन. अट मोडली की सुनेने फाटकाला कुलूप घालावं. कलम चार मैदानावर मोठ्याने वाचावं, आणि ते अध्यक्षांनीच वाचावं. आवाज चढवायची त्यांना सवय आहेच.

६. धाकट्या भावाला या कागदाने काही देत नाही. तो साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराला काही ठेवू नये असं वकील म्हणतात. म्हणून सात नंबरचा चिमटा आजच त्याच्या हातात देतो. माफीही आजच मागतो. मेल्यावर माफी मागणं हा भित्रेपणा आहे, आणि तो मी एकोणीस वर्षं पुरेसा केला.

ठिकाण: मागची खोली, लेथशेजारी
दिनांक: नऊ फेब्रुवारी
(सही) मृत्युपत्र करणारा टर्नर

साक्षीदार १: घरचे डॉक्टर. "माझ्यासमक्ष सही केली. रक्तदाब जास्त, बुद्धी शाबूत."

साक्षीदार २: धाकटा भाऊ. "सगळं वाचून सही केली. दादा, मला त्याच दिवशी कळलं होतं. तुझ्या रिमोटची एरियल बाहेर ओढलेली होती, चालू करताना ओढतो तशी. तू बोलशील म्हणून थांबलो होतो. रविवारी हेलिकॉप्टर आणतो. तुझा रिमोट चालू करण्याआधी मला विचार."