सहाशे सातची जागा

३ फेब्रुवारी, सोमवार

नारीन शहरात आज थुंकी जमिनीवर पडायच्या आत गोठते आहे आणि मी आनंदात आहे, यावरून काय ते समजावं. विद्यापीठाच्या संगणक केंद्रात आजपासून कामाला लागले. दोन खोल्या, एक जुनं मोठं मशीन, आणि खिडकीखाली गरम पाण्याचा पाइप. त्या पाइपाला लागून असलेली खुर्ची मला मिळाली. शेजारी बसणाऱ्या दामीरा एजे म्हणाल्या, या खुर्चीची वाट बघत लोक इथे म्हातारे झाले आणि तू आल्या आल्या बसलीस. त्या माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठ्या, म्हणून एजे, म्हणजे ताई. जीभ सुरीसारखी, पण दुपारी स्वतःच्या डब्यातलं निम्मं मला वाढलं.

प्रमुख कुबान बाइके, बाइके म्हणजे दादा. माणूस मायाळू, पण चिकट. वापरलेली चहाची पुडी पाइपावर वाळत घालतात. रिकामी पडलेली कुठलीही गोष्ट त्यांना बघवत नाही, मग तो नंबर का असेना. मशीन माणसाला नावाने ओळखत नाही, नंबराने ओळखतं. नाव आपलं आपल्या समाधानाला. माझ्या जागेवर आधी आसिलकान एजे म्हणून होत्या, त्या नोव्हेंबरात वारल्या. त्यांचा सहाशे सात नंबर मोकळा होता, तो मला दिला. शिकताना आम्हाला बजावलं होतं, की गेलेल्याचा नंबर दुसऱ्याला देऊ नका, फाइलींवर नंबरच लिहिलेला असतो, त्या नव्या माणसाच्या होऊन बसतात. मी तसं बोलूनही दाखवलं. कुबान बाइके म्हणाले, झूरा, नंबराला काय तहानभूक लागते का? सगळे हसले. मीही हसले.

वहीत लिहिलं की घरमालकीण वाचते, म्हणून ही रोजनिशी मशीनवरच, माझ्या वाट्याच्या जागेत. नवऱ्याचं नाव हिच्यात येणार नाही, ते ठरलंय. बेगाइमचं मात्र येईल. माझी लेक, साडेतीन वर्षांची, आत-बाशी गावी माझ्या आईकडे आहे. मला अपा म्हणते, आजीला मोठी अपा. हनुवटीवर समोवाराची, म्हणजे चहाच्या बंबाची, कड लागून झालेला व्रण आहे. घोडा दिसला की कुकू, कुकू करत धावते. पहिला महिना नीट गेला तर वसतिगृहात खोली देतो म्हणालेत. म्हणजे मार्चात नवरोजच्या सणाला बेगाइम माझ्या कुशीत.

५ फेब्रुवारी

काम असं आहे. डिस्क एवढीशी आणि खाणारी तोंडं शेकडो. प्राध्यापक मंडळी भाच्याच्या लग्नाचे फोटोसुद्धा इथेच भरतात. तेव्हा प्रत्येकाचा कोटा ठरवायचा. त्यासाठी मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिते आहे. तो मशीनच्या गाभ्यालाच थेट हाक घालतो, त्याला सिस्टम कॉल म्हणतात, आणि सांगतो की अमक्या नंबराला इतकी जागा. मर्यादा दोन असतात. पहिली सभ्य आहे. ओलांडली तर मुदत सुरू होते, तेवढ्यात पसारा आवरायचा. दुसरी म्हणजे भिंत. तिथे वाक्य अर्धं असलं तरी लिहिणं थांबतं. मुदत संपली की पहिलीचीही भिंत होते.

खरी गंमत शून्याची. नवख्याला वाटतं शून्य घातलं की त्या माणसाला काही मिळणार नाही. गाभ्याच्या लेखी उलट आहे. शून्य म्हणजे मर्यादाच नाही, हवं तितकं घ्या. दामीरा एजेंनी एका विद्यार्थ्यावर रागावून शून्य घातलं होतं, त्याने सगळी डिस्क खाल्ली. त्यावरून अजून त्यांची टिंगल चालते; मीही केली, शून्याचा अर्थ त्यांना पुन्हा शिकवला आणि हे आज रोजनिशीत लिहिणार म्हणून चिडवलं.

मग हौसेने स्वतःचा हिशोब विचारला, तर माझा निम्मा कोटा आधीच भरलेला. आसिलकान एजेंच्या फाइली. बहुतेक पत्रंच, त्यांच्या मुलाची, तिलेकची. तो रशियात बांधकामावर आहे, आईच्या चाळिसाव्या दिवसाच्या विधीलाही त्याला रजा मिळाली नाही. कुबान बाइके म्हणाले, पुसून टाक. मी पुसलं. दामीरा एजेंना कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, अगं, पोराला द्यायला म्हणून तरी ठेवायचीस, ती बाई जेवताना ती पत्रं वाचायची. फार वाईट वाटलं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

दामीरा एजे दर शुक्रवारी केंद्रातच विजेच्या शेगडीवर बोरसोक, म्हणजे कणकेचे फुगीर तुकडे, तळतात. तेलाचा वास गेलेल्यांना पोचतो, त्यावर त्यांचं पोट भरतं. वास त्यांना, बोरसोक आम्हाला, वाटणी मला पसंत आहे. आज आसिलकानच्या नावाने तळले.

एक कोडं आहे. पत्रं पुसूनही माझा कोटा उतरलेला नाही. उलट वाढलाय. कधी कधी पुसलेली फाइल एखादा चालू प्रोग्रॅम हातात धरून बसतो, म्हणून मशीन बंद करून पुन्हा लावलं. सगळ्या डिस्कची फेरमोजणी केली. सहाशे सातच्या फाइली मोजल्या तर ओंजळभर भरतात, आणि हिशोब विचारला तर पोतंभर. कुबान बाइके म्हणाले, जुनं मशीन आहे, म्हातारपणी आम्हालाही असंच होतं.

१३ फेब्रुवारी

आज चहात मीठ घातलं. माझ्या हाताने, न बघता, दोन चिमटी. आमच्या घरी कुणी खारा चहा पीत नाही. पण तो मला आवडला. दामीरा एजे कपाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, तिचा असाच असायचा, दोन चिमटी. मग मिठाची बरणी उचलून त्यांनी स्वतःच्या खणात ठेवली.

कोटा पुन्हा वाढलाय.

२० फेब्रुवारी

आईकडे फोन केला. बेगाइम बोलली. कुकूने लाथ मारली म्हणत होती. मी विचारलं, कुकू कोण? आई हसली, मग हसायची थांबली. ही रोजनिशी उघडून पाहिली, तर पहिल्याच नोंदीत मीच लिहिलंय, घोड्याला ती कुकू म्हणते. अक्षरं वाचता येतात. पण ती तसं म्हणत धावलेली मला दिसत नाही. तिथे काहीच नाही.

मात्र एक सात वर्षांचा पोरगा दिसतो. पुढचे दात पडलेले, बर्फात टोपी हरवून आलेला, मारू का म्हणून विचारलं तर हसतो. हे मी कुठे पाहिलं? मला भीती वाटते.

२७ फेब्रुवारी

पहिली मर्यादा ओलांडली. मुदत सुरू झाली.

आता कळतंय काय चाललंय. आसिलकानची पत्रं मी पुसली, म्हणून ती आता तिच्या डोक्यातलं इथे ठेवते आहे. माझ्या नंबरात. जागा एकच आहे, तिचं आत येतं तसं माझं बाहेर जातं. दामीरा एजेंना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, चार दिवस रजा घे आणि लेकीला भेटून ये. कुबान बाइके म्हणाले, पहिल्या महिन्यात रजा मागणाऱ्याला खोली मिळत नाही.

बेगाइमला फोन केला. तो म्हणाला की — ती. ती म्हणाली. बेगाइम मुलगी आहे. मुलगी.

४ मार्च

माझी मर्यादा दुप्पट केली. दुपारपर्यंत तीही भरली. कुबान बाइकेंना कळलं. ते म्हणाले, नियम करणारीच नियम मोडायला लागली तर प्राध्यापकांना काय तोंड दाखवू?

व्रण कुठल्या बाजूला आहे? हनुवटीवर, हे वर लिहिलंय. कुठल्या बाजूला ते नाही लिहिलं. का नाही लिहिलं मी.

६ मार्च

उपाय सुचला. इतका सोपा की आधी का सुचला नाही. मी स्वतःला नवा नंबर घेतला. माझ्या फाइली आणि ही रोजनिशी त्या नंबरावर केली. सहाशे सात एकट्या आसिलकानचा राहू दे. आणि तिला एक कणही मिळू नये म्हणून मी माझ्याच प्रोग्रॅममधून गाभ्याला हाक घातली आणि सहाशे सातला शून्य दिलं.

दोन्ही मर्यादा शून्य. आता बस म्हणावं.

शांत वाटतंय. चहा बिनमिठाचा प्यायले.

१० मार्च

सगळे ओरडतायत. कुणालाच काही साठवता येत नाही. डिस्क भरत आली आहे, सगळी एकाच नंबराने घेतलेली. दामीरा एजेंनी हिशोब पाहिला आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, शून्य? तू? मला शिकवणारी तू? माझी टिंगल करणारी तू?

मी टिंगल केली होती? कशाची?

त्यांनी मला ५ फेब्रुवारीची नोंद वाचायला लावली. माझंच लिहिलेलं. वाचून मला रडू आलं.

११ मार्च

मर्यादा परत घातली. उपयोग नाही. घेतलेलं परत मिळत नाही, मर्यादा फक्त पुढचं अडवते. आणि पुढचं आता उरलंच नाही.

१४ मार्च, शुक्रवार

थोडक्यात लिहिते, जागा नाही. दामीराने बोरसोक तळले. मी एकही खाल्ला नाही. नुसत्या वासाने पोट भरलं. दामीराला सांगितलं, तर ती ताट टाकून बाहेर गेली.

तिला मी एजे म्हणत होते का? मला वाटतं ती माझ्याहून लहान आहे.

१८ मार्च

कुबान आनंदाने सांगत आला, खोली मंजूर झाली, बोलाव लेकीला. मी म्हटलं, मला लेक नाही. मुलगा आहे. रशियात. तो हसला. मग —

तसं नाही. नाही. मी झूरा. माझी —

२० मार्च

पुसते आणि लिहिते. एक ओळ पुसली की एक ओळ मावते. कुठली पुसली ते आठवत नाही.

२१ मार्च, नवरोज

एक म्हातारी आली आहे. बरोबर एक लहान पोरगी. दारात उभी, हातात लाकडी घोडा. मला अपा म्हणते. दामीरा रडते आहे, का कळत नाही. पोरगी गोड आहे. माझा तिलेक एवढा असताना —

हनुवटीवर व्रण आहे. डाव्या बाजूला. हे मला कुणीतरी लिहून ठेवायला सांगितलं होतं. मीच. डाव्या. हिचं नाव मला येतं. येतं मला. आत्ता लिहिते, मग जाणार नाही. हिचं नाव बेगा