साळूबाईच्या चपला

४ जाने. १९७१
नवा फतवा. आजपासून एका पेशंटमागे तिघं विद्यार्थी: एक नर्सिंगचा, एक डॉक्टरकीचा, एक समाजकार्याचा. शिकायचं एकत्र, शनिवारी मोठ्या डॉक्टरांपुढे बोलायचं एकत्र. माझ्यासोबत पुण्याचा जोशी (डॉक्टरकी) नि नगरचा कदम (समाजकार्य). पेशंट साळूबाई, कोल्हारजवळच्या वस्तीवरची. महारोग केव्हाच बरा झालाय, पण तळव्याला जाणीव नाही. जखम होते, इथं भरते, घरी गेली की महिन्यात परत. ही चौथी खेप.
जोशी म्हणाला, "सिस्टर, जरा पाणी आणा." नाही आणलं.

९ जाने.
पहिला शनिवार, फजिती. जोशी म्हणे औषध बरोबर. मी म्हटलं ड्रेसिंग बरोबर. कदम म्हणे घरची माणसं चांगली. मोठे डॉ. म्हणाले, "सगळ्यांचं बरोबर, मग पाय का फाटतो?"
जोशी : बाई हट्टी आहे, चपला घालत नाही. हे मात्र मलाही पटलं. दवाखान्याच्या मऊ रबरी चपला वर्षभरानंतरही कोऱ्या करकरीत.

१४ जाने. संक्रांत
ड्रेसिंग झाल्यावर साळूबाईला तिळगूळ दिला, बसले. सरळच विचारलं, चपला का नाही घालत?
"शिष्टर, त्या घालून बाजारात गेले का मानसं आदी पायाकडं बगत्यात. मंग तोंडाकडं. मंग बाजूला सरत्यात. जखम कुनाला दिसत न्हाई, चपला लांबून दिसत्यात."
चार खेपांत हे तिला कुणीच विचारलं नव्हतं. मीही नाही.
व्हरांड्यात दोघांना सांगितलं. जोशीनं वहीतलं 'हट्टी' खोडलं.

१८ जाने.
कदम वस्तीवर जाऊन आला. तिची जाऊही तेच सांगते. दवाखान्याच्या चपलांचे काळे पट्टे नि बक्कल आसपासच्या गावांत सगळे ओळखतात. चपला धान्याच्या कणगीमागे असतात.
मग तसंच मऊ रबर आत घालून बाजारच्यासारख्या चपला शिवल्या तर? ही कल्पना कुणाची यावर तिघांचं भांडण.

२३ जाने.
मोठे डॉ. तयार नाहीत. "पाय म्हणजे बाजारचा माल नव्हे. बिघडला तर?"
 मी म्हटलं, "सर, चांगली चप्पल कणगीमागे राहिली तरी पाय बिघडतोच आहे."
मेट्रन माझ्याकडे बघतच राहिल्या. जोशी नि कदम दोघंही उठून माझ्या बाजूला उभे राहिले. न सांगता.
निकाल : जखम भरली की दोन महिने नव्या चपला घालून बघायच्या. पाय फाटला तर तिघंही नापास.

२० फेब्रु.
जखम भरली. साळूबाईसह कोल्हारला, चपला शिवणाऱ्या गंगारामभाऊंकडे. जोशीनं शाई लावून कागदावर तिच्या पायाचा ठसा घेतला, जखमेची जागा मी दाखवली. गंगारामभाऊ म्हणाले, "डाक्टर, हा ठसा उभ्याचा हाय. बाई उभी ऱ्हात न्हाई, चालती. चालवून बगा."
चालवलं. भार भलतीकडेच पडत होता. जोशीनं ते वहीत लिहून घेतलं, खाली गंगारामभाऊंचं नाव.
म्हणजे आम्ही आता चौघं.

१३ मार्च
साळूबाई नव्या चपला घालून आठवडी बाजार करून आली म्हणे. वांगी विकणाऱ्या बाईनं तिच्याशी घासाघीस केली, बाजूला सरकली नाही. कदमनं हे दोनदा सांगितलं.

२४ एप्रिल
दोन महिने झाले. मोठ्या डॉक्टरांनी स्वतः पाय हातात घेतला, उलटसुलट पाहिला. आम्ही तिघं भिंतीला चिकटून. मग म्हणाले, "आणखी सहा जोड सांगा." पुढच्या बॅचलाही तिघांना एकत्रच शिकवणार.
जिंकलो. रात्री मेसमध्ये आमटी पाणचट होती तरी दोनदा घेतली.

८ मे
दुपारी साळूबाई आली. पायांना फडकी गुंडाळलेली, तोंडभर हसू.
भाचीच्या लग्नाला गेली होती. चपला मांडवाबाहेर काढल्या, जेवून येते तो गायब.
"कुनीतरी पळवल्या, शिष्टर. माज्या चपला. माज्या." सांगताना हसून हसून डोळ्यांतून पाणी. वॉर्डात प्रत्येक खाटेपाशी जाऊन तिनं हे सांगितलं. जोशी हसत हसत पायरीवर बसला.
फडकी सोडली. मांडवापासून घरापर्यंत अनवाणी चाललेली. अंगठ्याखाली रुपयाएवढं लालसर, अजून उकललेलं नाही. चार दिवस पाय टेकायचा नाही असं बजावलंय. कदम कोल्हारच्या एस.टी.नं गेला, गंगारामभाऊंना दुसरा जोड सांगायला.
पाय टिकेल की फाटेल, ते चार दिवसांनी कळेल.