पहिल्या घासापाशी

प्रिय दादा,

लोक तुला स्वामीजी म्हणतात. माझ्या तोंडी ते अजून बसत नाही. तुझं पत्र तीनदा वाचलं. ध्यानाला बसलं की ब्रह्म राहतं बाजूला, आपल्या भट्टीतल्या पावाचा वास येतो, तीस वर्षं फुकट गेली, असं लिहितोस. म्हणून शिक्षा म्हणून नुसत्या दुधावर राहिलास. खाली तुमच्या आश्रमाच्या डॉक्टरीणबाईंनी दोन ओळी जोडल्यात: आता दूधही परत पाठवतोस, असंच चाललं तर महिना निघायचा नाही. तुझी भावजय ऐकून म्हणाली, “भाऊजींनी एवढी माया सोडली, मग पावाशीच कसलं भांडण?” आणि पिठाच्या हातानं डोळे पुसत आत गेली.

दुपारी भट्टी निवत असते तेव्हा मी पिठाच्या पोत्यावर टेकतो. जागेपणी की झोपेत, कळत नाही, पण तू दिसतोस. बाबांनी पहिला पाव मोडून अर्धा तुला दिलाय, तू घास घेऊन डोळे मिटलेत, आणि ते उघडतच नाहीत. बाबा हसतायत, “अरे, गिळ तरी!” नंतर तूच मला समजावलंस, की हवं ते मिळालं की मागणारं मन घटकाभर गप्प बसतं, मग आत मुळातच असलेला आनंद दिसतो, श्रेय मात्र आपण पावाला देतो. तो आनंद शोधायलाच तू घर सोडलंस ना? मग ज्या पावानं वाट दाखवली, त्याचा वास आला तर एवढी लाज कसली?

आता जे सांगायला पत्र लिहायला घेतलं, ते सांगतो. थंडीतल्या तापानंतर मला वास येत नाही, चवही कळत नाही. घरात कुणालाच बोललो नाही. मीठ तोलून टाकतो. पहिले पंधरा दिवस फार वाईट गेले. मग एका दुपारी, तोंडात काही नसताना, काही नकोसं नि काही हवंसं नसताना, तोच आनंद आतून भरून आला. तू सांगितलेलं सगळं खरं निघालं, दादा. तुझी तीस वर्षं निदान माझ्या तरी कामी आली. पण मी काही साधू नव्हे. चव आठवते, आणि जीव हळहळतो. पाव पोचवायला जाणाऱ्या आपल्या ड्रायव्हरजवळ आज सकाळचा एक पाव तुझ्यासाठी दिलाय. मीठ नीट पडतंय का, हे मला दुसऱ्या कुणाला विचारता येत नाही. खा, आणि कळव.

तुझाच,
धाकटा