सासूने विचारलेली जात

ती. आप्पांना नेपाळहून लेकीचा जयभीम.

जीव वाचवण्यासाठी आपली जात लपवावी का, आप्पा?

काळजी करू नका, मी ठणठणीत आहे. डोंगरातल्या या दवाखान्यात थंडी फार, पण आईने विणलेला स्वेटर पुरतो. तिचे गुडघे कसे आहेत?

आज एक बाळंतीण आली. रक्त जाऊन जाऊन पांढरीफटक पडलेली. घरच्या कुणाचं रक्त जुळेना. माझं जुळलं, म्हणून दिलं. (आईला सांगू नका. वर दूध प्यायले.) बाटली लावणार, तोच तिच्या सासूने माझा हात धरला.

"आधी सांग बाई, हे कुठल्या जातीचं?"

डॉक्टर हळूच म्हणाले, "ब्राह्मणाचं म्हण नि मोकळी हो. नाहीतर सुनेला उचलून नेतील, वाटेतच मरेल ती."

नाशिक रोडच्या क्वार्टरवर तुम्ही आपलं आडनाव ठळक रंगवलंत, ते आठवलं. पण तिथे कुणाचा जीव टांगणीला नव्हता.

मी सुनेजवळ वाकले. ती शुद्धीवर होती.

"रक्त माझं आहे. तुमच्याकडे ज्यांच्या हातचं पाणी चालत नाही, त्यांतली मी. लावू?"

"लाव गं लवकर. मला बाळाला पाजायचंय."

सासू तणतणत डोली आणायला गेली आहे, सोबत माणसंही आणेल. मी सुई लावली आहे आणि खाटेला टेकून हे लिहिते आहे.

तुमची,
विशाखा