दवाखान्यात सांगतलेला स्वयंपाक

अमरावती,
गुरुवार

तीर्थस्वरूप सूर्यभानदादाले, लहान बहीण आशाचा वाकून नमस्कार.

मी इकडं बरी आहे (किती बरी ते खाली लिहिलं आहे, शेवटपर्यंत वाच). तुहे गुडघे कसे आहेत? पानमळ्याले पाणी पुरते का? वहिनी गेल्यापासून अंजनगावच्या घरात तू एकटाच, म्हणून माहा अर्धा जीव तिकडंच असते. पत्र काहून लिहिलं म्हणशील, तर फोनवर तू "बरं आहे, ठेवतो" याच्या पुढं सरकतच नाई. पत्राले तुले मधातच तोडता येत नाई.

तर तुही भाची आचल लग्न होऊन अकोल्याले गेली, आन् माह्या घरात स्वयंपाकाले कारणच उरलं नाई. एकटीसाठी कुकर काहून लावाचा? चहात टोस्ट बुडवला की झालं जेवण. मंग झोप गेली. मंग टीव्हीवर जाहिरात पाहता पाहता रडू येऊन राहिलं (साबणाची जाहिरात, दादा, त्यात रडासारखं काईच नाई). मधात आचल आली, तिनं पिठाचा डबा उघडला, तर आत किडे नांदत होते. पोरीनं डबा झाकला, मले ऑटोत बसवलं आन् मनाच्या दवाखान्यात घेऊन गेली. मी म्हटलं, मी काय येडी झाली का? तर माह्याकडं पाहिलं बी नाई, ऑटोवाल्याले चला म्हणली.

त्या दवाखान्यात दोन खोल्या. एकीत सितारा मॅडम, मनातलं ऐकणाऱ्या. दुसरीत दामिनी नावाची पोरगी, ते खाण्यापिण्याचं पाहते. मले वाटलं, एक डॉक्टरीण असन आन् दुसरी डबे देत असन. पण दोघींचं म्हणणं एकच, की पोट आन् मन शेजारीशेजारी राहते, एकाले उपाशी ठेवून दुसऱ्याची समजूत काढता येत नाई.

दामिनीनं पयलंच इचारलं, रोज काय जेवता? आता तूच सांग, आपल्याकडं कोणी जेवणाचं इचारलं तर काय सांगतात? आत्ताच जेवली, असंच ना? नाई म्हटलं तर समोरच्याले ताट वाढा लागते. मायनं आपल्याले हेच शिकवलं. शिवाय परक्या पोरीपुढं घराची इज्जत. मंग मी सांगत गेली. सकाळी थालीपीठ आन् लोणी, दुपारी वरण-पोळी, भरली वांगी, भातावर तूप, संध्याकाळी पातोडीचा रस्सा, इतवारी पुरणपोळी (सांगता सांगता माह्याच तोंडाले पाणी सुटलं). ते बिचारी ऐकत गेली आन् घाबरत गेली. शेवटी म्हणली, काकू, जरा निम्मं करा.

आन् मी केलं ना निम्मं. डॉक्टरीणबाईचा शब्द मोडाचा कसा? दोन टोस्टचा एक केला, चहा अर्धा कप. मंग काय, भाजीबाजारात कोथिंबिरीचा भाव करता करता डोळ्यापुढं अंधारी आली आन् मी मेथीच्या ढिगावर आडवी. भाजीवाली भली बाई, तिनं पाणी पाजलं, वारा घातला, आन् मंग चेपलेली मेथी माह्याच पिशवीत भरून देली.

पुढच्या खेपेस माह्या चकरेचं ऐकून सितारा मॅडमनं दामिनीले बी आपल्याच खोलीत बसवलं आन् हळूच इचारलं, "आशाताई, घरात शेवटचा स्वयंपाक कधी झाला?"

मले खोटं सुचलंच नाई. "आचलची पाठवणी झाली त्या दिवशी," म्हटलं, आन् दादा, मी जे रडली ते रडलीच. दामिनीचे बी डोळे भरले. कोणी रागावलं नाई. मॅडम म्हणल्या, आपल्या एकटीसाठी चूल पेटवावी इतकी आपली किंमत नाई असं तुमाले वाटून राहिलं, त्याचं आपण इथं बोलू. आन् डाळ, ज्वारी, हिरव्या भाजीचं दामिनी पाहील. एका दिवसात काई होत नाई, गोळ्या लागल्या तर त्याचे डॉक्टर वेगळे, तेबी त्यांनी सांगतलं.

मंग ठरलं, रोज एक वेळ तरी गरम जेवण, ताट वाढून, बसून. आन् जेवताना मनात जे येते ते मॅडमले सांगाचं. पयल्या दिवशी भाकर-वरण केलं, दोन घास गेले आन् हात थांबला, समोर आचल नव्हती. ते सांगतलं. त्याच्या पुढच्या खेपेस आणखी सांगतलं. आता झोप येऊन राहिली. अजून एखाद्या दिवशी मन खचते, नाई असं नाई. पण काल कढीगोळे केले, आन् फोडणीच्या वासानं मले भूक लागली. खरी भूक, दादा. इतका आनंद मले आचलच्या लग्नात बी झाला नव्हता.

बाकी क्षेम. तब्येतीले जप.

तुही,
आशा

ता. क. येणाऱ्या-जाणाऱ्यासंग माह्यासाठी विड्याची पानं पाठवू नको. जेवणाऐवजी पान खाणं दामिनीनं बंद केलं.

ता. क. आणखी एक. दोघींनी इचारलं होतं, जेवाले संग कोणी आहे का? मी सांगून बसली, की माहा मोठा भाऊ माह्याजवळच राहते, आमी दोघं संगंच जेवतो. तोंडातून निघून गेलं, काय करू. आता त्या म्हणतात, बुधवारी भावाले बी घेऊन या. तर तू मंगळवारच्या एसटीनं निघ. पानमळा शेजारचे पाहतील, कपडे जास्तीचे आण. मंगळवारी रात्री मी दोन ताटं वाढणार, आन् तू आल्याशिवाय जेवणार नाई. यातलं एक अक्षर खोटं नाई.