दुसरा ट्रॅक रिकामा ठेवावा

आधी आवाज. चतुर्थीची सकाळ, सारवलेले अंगण अजून ओले, आणि उंबरठ्याबाहेर माझा धाकटा भाऊ सुदेश ओळ उचलण्याआधी नाकाने श्वास ओढतो आहे. सुईच्या नाकातून दोरा ओढावा, तसा बारीक. मग त्याच्या गळ्यात अडकवलेल्या घुमटावर थाप. ते कातडे ताणलेले मडके घुमले की आतल्या खोलीतल्या समया थरथरायच्या.

मृत्युपत्राची सुरुवात अशी करत नाहीत, हे मला ठाऊक आहे. वकीलबाईंनी नमुना दिला होता. पण ज्या आवाजासाठी हे सारे लिहायचे, तो आधी यायला हवा.

तर मी, गोपाळ विठू गावस, राहणार नार्वे, तालुका डिचोली, गोवा, वय वर्षे शहात्तर, हे माझ्या स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. शाळेत पाठ केलेल्या कविता मी अजून शेवटच्या कडव्यापर्यंत म्हणतो, हा त्याचा पुरावा समजावा. गुडघे ठिकाणावर नाहीत, पण त्यांची सही लागत नाही. कोणी धाक घातलेला नाही. बायको रागावलेली आहे, तो धाक नव्हे.

कलम पहिले, घर. आपल्या गोव्याच्या कायद्याने घराचा अर्धा भाग माझी पत्नी कमलाक्षी हिचाच आहे. माझ्या अर्ध्यातला अर्धा मुलगा परेश याचा ठरलेला. उरलेल्या चतकोरावर माझी इच्छा चालते, आणि तो चतकोर मी कमलाक्षीलाच देतो. यामागे एक बोलणे आहे, ते पुढे येईल. परेशने घर रंगवताना पुढच्या दाराच्या उंबरठ्याला हात लावू नये. फरशी बसवायची असेल तर ती उंबरठ्याच्या आत बसवावी.

कलम दुसरे, कुळागर. माडपोफळीतला माझा हिस्सा परेशला. तो विकू नये असे मी म्हणत नाही. खाणीच्या ट्रकांच्या वाटेसाठी मात्र देऊ नये. याच वाटेवरून सुदेशचे आणि माझे तुटले. त्याला आपला भाग द्यायचा होता, मी सही केली नाही, आणि तो बिऱ्हाड घेऊन वास्कोला बंदरात कामाला गेला. जाताना घरचे घुमट घेऊन गेला. तांब्याच्या घागरी सोडल्या, वडिलांची आरामखुर्ची सोडली, आणि घुमट नेले. बसच्या खिडकीत त्याची लहानगी पोर ते मांडीवर धरून बसलेली मी पाहिली. ते घुमट मला आजपर्यंत परत मिळालेले नाही. ज्याच्याकडे असेल त्याला मी माफ केलेले नाही, हे येथे मुद्दाम नमूद करतो.

कलम तिसरे. पेटी नात समीक्षा हिला. तिचा खालचा सा जरा रडतो. दुरुस्त करू नये, पावसात सगळेच रडतात. शाळेच्या कवितांची जुनी पुस्तकेही तिलाच. बाकांवर उभे राहून एका सुरात नदीची कविता म्हणणारा आमचा वर्ग आता नदीपलीकडे गेला. समीक्षाने निदान एक कविता मोठ्याने म्हणावी, मोबाईलमध्ये बघून का होईना.

कलम चौथे, रेकॉर्डिंगचे यंत्र. याबद्दल घरात आणि वाड्यावर बरेच बोलले गेले आहे, म्हणून खुलासा करतो.

आमच्या घरचा एक दंडक आहे. चतुर्थीला गणपती एकदम आत येत नाही. वडील मूर्ती घेऊन पायरीवर थांबत. मी, मोठा, उंबरठ्याच्या आत उभा राहून त्यांनी जुळवलेल्या आरतीतली ओळ म्हणायची:

कोण उभे दारी, सांगा नाव आपुले?

आणि सुदेशने बाहेरून झील धरायची:

नाव काय पुसता, घरचेच पाऊल आले.

मगच मूर्ती आत. शब्द मला दोन्हींचे येतात. येत नाहीत असे नाही. पण एकच माणूस उंबरठ्याच्या दोन्ही बाजूंना उभा राहू शकत नाही, आणि झील घरच्याच गळ्याने धरायची असते. सुदेश गेल्यापासून मी विचारतो आणि उत्तराविनाच देवाला आत घेतो. परेश मूर्ती धरतो, तोंड उघडत नाही. दर वर्षी मला वाटते, देव आत आला खरा, पण कोणीतरी पायरीवर राहिले.

तीन वर्षांपूर्वी सुदेश वारला. त्याला मुलगा नाही, ती एक मुलगीच. म्हणजे तिकडची वाट बंद.

त्यानंतर मी यंत्र घ्यायचे ठरवले. परेश म्हणाला, “बाबा, लॅपटॉपार फुकट सॉफ्टवेअर आसा. पैशे कित्याक घालतात?” पण लॅपटॉपचा पंखा घुं घुं करतो, मध्येच स्वतःला अपडेट करायला बसतो, आणि मी गेल्यावर परेश तो कोणालातरी विकणार, आतल्या आवाजासकट. मला वेगळे, स्वतःच्या पायावर उभे राहणारे यंत्र हवे होते. म्हणून म्हापशाला गेलो. दुकानातला अक्षय नावाचा मुलगा मोठा गोड.

“आजोबा, बँड आसा तुमचो?”

“होता.”

“आतां कितले जाण?”

“एकच.”

“मगीर चार ट्रॅक पुरे. हो ल्हान घेयात, बोल्सांत मावता.”

ते लहान यंत्र खरोखर खिशात मावत होते. पण त्याची बटणे तांदळाएवढी आणि अक्षरे मुंगीएवढी. आवाज कमी-जास्त करायलाही पडद्यावर शोधत बसायचे. मग त्याने मोठे काढले, चोवीस ट्रॅकचे, टेबलभर. मी म्हटले, “बाबा, इतक्या जणांना चहा कोण देणार?” तो हसत सुटला. शेवटी मधले काढले: आठ ट्रॅक, एका वेळी दोन माइक, प्रत्येक ट्रॅकला बोटाने सरकवायची स्वतःची दांडी, आवाज कार्डावर साठतो, वीज गेली तर बॅटरीवर चालते. दांडी बोटाखाली आली आणि मला बरे वाटले. माणसाला हळूच पुढे बोलवावे, नाहीतर मागे थांब म्हणावे, तशी ती सरकते.

मी विचारले, “पहिल्या ट्रॅकवर मी गायलो, आणि तो कानात ऐकत दुसऱ्यावर दुसरा कोणी गायला, तर माझ्या गाण्याला धक्का लागेल?”

“ना. तुमचें तुमचेकडेन, ताचें ताचेकडेन.”

“आणि तो दुसरा अजून आलाच नसेल तर?”

“मगीर ट्रॅक रिकामो दवरात. रिकाम्या ट्रॅकाक पैशे पडनात.”

तेच घेतले.

घरी पहिल्या ट्रॅकवर माझी ओळ बसवली. अवघड ओळ नव्हती, अवघड होती ती पुढची रिकामी जागा. यंत्रातली तालाची टिकटिक त्या जागेला लहान करी. म्हणून ती बंद केली आणि मनात सुदेशचा श्वास, थाप आणि ओळ जाऊ दिली, मगच पुढचे कडवे उचलले. मग हेडफोन लावून ऐकायला बसलो. माझा प्रश्न संपला, जागा आली, आणि दुसऱ्या ट्रॅकचा हिरवा दिवा किंचित उजळला. कानात श्वास. नाकाने ओढलेला, बारीक.

परेश म्हणाला, दुसरा माइक चालू राहिला असेल, तुमचाच श्वास ऐकताय. मी माइक काढला. दिवा उजळला नाही. श्वास मात्र आला.

दंडक मोडून एकदा मीच बाहेर उभा राहिलो. हेडफोनची वायर उंबरठ्यावरून ताणली आणि माझ्याच प्रश्नाला उत्तर म्हटले. मग ऐकले. तो माझा आवाज नव्हता, सुदेशचाही नव्हता. आडात तोंड घालून आपलेच नाव हाकारावे तसा. कमलाक्षी हात पुसत आली.

“भायर उबे रावन कोणाक जाप दितात? भितर कोण आसा?”

मी ते तत्काळ पुसले.

“बायलेच्या गळ्याक देव नाका म्हणटा काय?” तिने विचारले.

“प्रश्न देवाचा नाही, दंडकाचा आहे.”

“दंडक कोणें केलो?”

“बाबांनी.”

“ते गेले. आनी तुमी?”

मला वाटले, ती स्वतःबद्दल बोलते आहे. म्हणून म्हटले, “तू पेडण्याची. झील ह्या घरच्या गळ्याने धरायची असते.”

“आनी इतलीं वर्सां हांगा रांदतां, तें खंयच्या घरचें?”

याचे उत्तर मी वर कलम पहिल्यात दिले आहे. ती फोन घेऊन मागच्या ओसरीवर गेली. तिला वास्कोचे फोन येतात. सुदेशची बायको शालिनी असावी. मी विचारत नाही.

कलम पाचवे, आणि बाकी सारे यासाठी. यंत्र, हेडफोन, दोन्ही माइक आणि आतले कार्ड मी पुढील व्यक्तीला देतो: ____________. येथे वकीलबाई अडल्या. “काका, नाव घाला. ‘घरचा गळा’ असं कायद्यात कुणी नसतं.” पण नाव असते तर यंत्रच कशाला घेतले असते? जागा तूर्त कोरी ठेवतो. सीलबंद करायला नेण्याआधी भरली नाही, तर माझ्यामागे असे करावे: पहिल्या चतुर्थीपर्यंत दुसरा ट्रॅक रिकामा ठेवावा. तोंडपाठ आहे म्हणून भजनी मंडळातल्या कोणी त्यावर गाऊ नये. परेशने “एक, दोन, तीन, चेक” असेही म्हणू नये. तोवर घरचा गळा मिळाला नाही तर विसर्जनाच्या दिवशी कार्ड काढून मूर्तीबरोबर नदीत सोडावे, आणि मोकळे यंत्र गावच्या शाळेला द्यावे. प्रश्न एकटाच मागे राहू नये. उत्तराची वाट पाहणारा आवाज घरात ठेवला तर घर झोपत नाही. हे मी तीन वर्षे अनुभवतो आहे.

कलम सहावे. बँकेत आहे ते कमलाक्षीच्या औषधांना. माझ्या बाराव्याला लाउडस्पीकर लावू नये. शेजारी प्रशांतने गायचा आग्रह धरला तर त्याला वाढायला बसवावे. माणूस सोन्यासारखा, पण सूर नाही. तोच दुसरा साक्षीदार आहे, आणि त्याला यातून काही मिळणार नाही, म्हणून हे निर्धास्त लिहितो.

याआधी कागदावर किंवा तोंडी जे काही बोललो असेन ते रद्द. वर लिहिले तेवढेच माझे खरे.

लिहून देणार: गोपाळ विठू गावस (सही)
साक्षीदार पहिली: क्षमा, निवृत्त पोस्टमास्तर, शेजारचे घर (सही)
साक्षीदार दुसरा: प्रशांत, ____________
ठिकाण: नार्वे. दिनांक: २४ ऑगस्ट २०२५, रविवार. चतुर्थी बुधवारी.

ताजा कलम. क्षमाबाई चहा घेत बसल्या आहेत. प्रशांत गणपतीवर टांगायच्या माटोळीची फळे-पाने आणायला गेला होता, तो येऊन सही करायची तेवढी राहिली. म्हणून लिहीत बसलो. आत्ता पायरीवर पाऊल वाजले. मी मान वर न करताच, सवयीने, विचारले, “कोण उभे दारी?”

उत्तर लगेच आले नाही. आधी एक श्वास आला, नाकाने ओढलेला, बारीक. मी यंत्राकडे पाहिले. ते बंद आहे. हेडफोन खुंटीला आहेत. क्षमाबाईंची बशी अर्ध्यावर थांबली आहे, म्हणजे त्यांनीही ऐकले.

मग घुमटावर थाप पडली आणि ओळ आली, सुरात. “नाव काय पुसता...”

प्रशांतला सूर नाही. आणि हा गळा बाईचा आहे.

कमलाक्षी स्वयंपाकघरातून धावत गेली आहे. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नाही. दारात उंच, सावळी बाई, खांद्याला पिशवी, गळ्यात आमचे घुमट. भुवया सुदेशच्या. उंबरठ्याबाहेरच थांबली आहे. कमलाक्षी म्हणते, “गौरवी, यो गे भितर,” तरी ती हलत नाही; माझ्याकडे बघते आहे.

“बापू,” ती म्हणते, “बाबा म्हणत, भितरल्यान पुराय विचारल्याबगर पावल घालूंक ना. तुमी अर्देंच विचारलें.”

पेन खाली ठेवतो. पुरे विचारायला उठतो आहे.